पाच मिनिटांचं ध्यान

दुपारचे चार वाजले की पंडितरावांच्या घरात पाणीबंदी सुरू व्हायची. बंदी एकट्या पंडितरावांपुरती होती आणि ती त्यांनीच स्वतःवर लावून घेतली होती. सरजाबाई चहाचा कप घेऊन पुढ्यात उभ्या राहिल्या तरी ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसत.

"घ्या की, थंड व्हायलाय."

"नगं."

"कालबी नगं, परवाबी नगं. रोजे धरलेत का काय?"

"वाचनाच्या आधी पोट रिकामं असलं की आवाज मोकळा लागतो."

"मंग सकाळी तीन कप पेताव तवा काय आवाज अडकून बसतो का?"

पंडितराव पांढरा सदरा शोधायला आतल्या खोलीत गेले.

पंडितरावांनी तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केली होती. कालव्याला पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं, कुणाच्या शेताला किती तास, हे सगळं वेळापत्रक त्यांच्या हातचं. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी मात्र त्यांच्या स्वतःच्या कालव्याने वेळापत्रक झुगारून दिलं. आगाऊ सूचना नाही, अर्ज नाही. बसल्या जागी एकदम निकड यायची, आणि ती आली की हातात तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाची जबाबदारी पंडितराव घेऊ शकत नव्हते. दोन वर्षांत पेडगावातली प्रत्येक भिंत, प्रत्येक बाभूळ आणि प्रत्येक पडका गोठा आडोसा म्हणून कितपत कामाचा, हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. रात्री उठावं लागलं की ते म्हणत, "कुत्रं भुंकायलंय, बघून येतो." कधी कधी सरजाबाईही मांजर बघायला उठत.

यातलं काहीच त्यांना फारसं लागलं नसतं. लागत होतं ते सोनपेठ.

सोनपेठला त्यांची लेक माधवी दिली होती. तिला आठ महिन्यांपूर्वी मुलगी झाली, उत्पला. नात झाल्याचा फोन आला त्याच दिवशी पंडितराव सायकल काढून बाजारात गेले आणि चांदीचे वाळे घेऊन आले. ते वाळे अजून त्यांच्या पेटीत, कापसात गुंडाळून होते. परभणीहून सोनपेठची एसटी अडीच तास घेते, आणि अडीच तासांत तीन-तीन मिनिटं किती वेळा येतात हा हिशोब त्यांनी अनेकदा करून पाहिला होता. उत्तर दर वेळी सारखंच यायचं. सरजाबाई बारशाला एकट्या जाऊन आल्या. तेव्हा पंडितरावांनी कंबर धरल्याचं सांगितलं होतं. पुढे ऊन आड आलं, मग पेरणी आड आली. पंडितरावांना शेत नव्हतं, पण पेरणी आड आली.

रोज सकाळी माधवी फोनवर पोरगी दाखवायची. हाताएवढ्या काचेत ती हसायची, पाय झाडायची, मधेच फोन चाटायला यायची, की सगळी काच गुलाबी होऊन जायची. फोन बंद झाल्यावर पंडितराव पेटी उघडत, वाळ्यात आपली दोन बोटं घालून बघत आणि पुन्हा कापसात ठेवून देत.

"बाबा, ती रांगायली आता," माधवी म्हणाली. "चालायला लागल्यावर येताव का?"

"वर्षावास चालू हाय ना माय. वाचन सोडून कसं येऊ?"

हे कारण मात्र पक्कं होतं. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले आणि वाचक पंडितरावच होते. खणखणीत आवाज, स्पष्ट उच्चार. वाचकासाठी विहाराचा एक कडक नियम होता: बसल्यावर त्या दिवसाचा भाग संपेपर्यंत वाचकाने उठायचं नाही, उठला तर वाचन दुसऱ्याकडे. हा नियम पंधरा वर्षांपूर्वी समितीचे सचिव म्हणून खुद्द पंडितरावांनीच ठरावाच्या वहीत लिहिला होता, तोही लाल शाईने. त्या वेळचा वाचक नागसेन ऐन रंगात आलेला अध्याय सोडून बाहेर पळाला होता. तंबाखूची तलफ, असं सगळ्यांनी मानलं. नागसेनाने खुलासा केला नाही. तेव्हापासून तो दुसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसायचा आणि पंडितरावांच्या गुडघ्यांकडे बघायचा, कधी हलतात म्हणून.

वाचनाच्या बाराव्या दिवशी ते हलले.

अध्याय लांब होता. चार पानं राहिली होती आणि पंडितरावांना ती ओळखीची कळ आली. एक मिनिट गेलं. वाचनाचा वेग एकदम वाढला. शब्द एकमेकांच्या पाठीवर पडू लागले. दुसरं मिनिट गेलं. नागसेन खांबापासून सरळ होऊन बसला. पंडितरावांनी ग्रंथात बोट ठेवलं, मान वर केली आणि अत्यंत शांत आवाजात म्हणाले, "आता जे ऐकलं ते मनात उतरू द्या. सगळ्यांनी डोळे मिटा. श्वासावर ध्यान. पाच मिनिटं. मी सांगल्याशिवाय कुणी डोळे उघडायचे न्हाईत."

सगळ्यांनी डोळे मिटले. नागसेनानेसुद्धा. पंडितराव मांजराच्या पावलांनी उजव्या दारातून बाहेर पडले, विहाराच्या उजव्या भिंतीआड जाऊन आले, जागेवर बसले आणि म्हणाले, "हळूहळू डोळे उघडा." त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता होती ती पाहून पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी हात जोडले.

"काका, काय सुचलं तुमाला!" वाचन संपल्यावर सुगत धावत आला. तो समितीचा तरुण अध्यक्ष, शाळेत मास्तर. कुठलीही चांगली गोष्ट दिसली की तिचं वेळापत्रक करायचं, हा त्याचा स्वभाव. "आतून निघालं का?"

"आतूनच," पंडितराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: वाचन, ध्यान (५ मिनिटे), वाचन. आठवडाभरात गर्दी वाढली. जे म्हातारे अर्धा तास बसायला कुरकुरत ते आता पूर्ण दीड तास थांबू लागले. साठीच्या पुढच्या बायका तर दिवेलागणीलाच सतरंजीची कड धरून बसत. सत्तरी ओलांडलेल्या कडूबाईंनी एके दिवशी पंडितरावांना वाटेत गाठलं.

"पंडितदादा, ते ध्यान लय चांगलं हाय. पण पाच मिनिटं पुरत न्हाईत. सात करा."

"मन रमायलंय म्हणा की."

"लय रमायलंय. आन् जमलं तर दोनदा ठेवा."

पंडितरावांना भरून आलं. आपल्या अडचणीतून गावाचं भलं होतंय, असं त्यांना वाटलं. ध्यान सात मिनिटांचं झालं आणि दोनदा झालं.

याच सुमारास गावची आशा कार्यकर्ती रोहिणी एक कागद घेऊन त्यांच्याकडे आली. सोमवारी सकाळी शाळेत कार्यक्रम होता: लघवीवरचा ताबा, कारणे व उपचार. "काका, तुमचा आवाज मोठा हाय. विहारात तेवढं सांगताव का?"

पंडितरावांनी तो कागद विहारात असा वाचला, जणू चंद्रावरच्या लोकांसाठी आलेली नोटीस आहे. वाचून झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे अशा काळजीने पाहिलं की बिचाऱ्या त्या दुसऱ्या लोकांचं कसं होत असेल.

सोमवारी शाळेत एकही माणूस गेला नाही. पंडितराव मात्र शाळेवरून तीनदा गेले. पहिल्यांदा हातात पिशवी होती, दुसऱ्यांदा सायकल होती, तिसऱ्यांदा काहीच नव्हतं. तिन्ही वेळेला आणखी कुणी ना कुणी तिथून सहज चाललेलं दिसलं. रोहिणीने चाळीस जणांचा चहा केला होता. तो शाळेतल्या पोरांनी संपवला.

"घरोघर इचारलं," रोहिणी दुसऱ्या दिवशी म्हणाली. "सगळे म्हनतेत, आमच्यात न्हाई बाई कुणाला तसलं. मग ही तकलीफ हाय तरी कुणाला?"

"शेलूकडं असंल," पंडितराव म्हणाले.

इकडे सुगतने समितीच्या व्हॉट्सअॅप गटावर एक लांबलचक मजकूर टाकला: ग्रामीण भागात ध्यानाची नवी वाट. तो परभणीला गेला, तिथून मानवतला आणि शेवटी सोनपेठला माधवीच्या नवऱ्याच्या फोनवर पोचला. सोनपेठच्या समितीने ठरवलं की अश्विनी पौर्णिमेला पंडितरावांना बोलवायचं, त्यांच्याकडून ध्यान घ्यायचं; आणि त्याआधी पाच जणांनी पेडगावला जाऊन हे काय आहे ते डोळ्यांनी बघून यायचं. ध्यान डोळ्यांनी कसं बघणार, हे कुणी विचारलं नाही.

"बाबा!" माधवीचा आवाज फोनमध्ये मावत नव्हता. "आता तर यावंच लागंल! आमचेच लोक बोलवायलेत. वर्षावासाचं कारण गेलं तुमचं!"

तिच्या कडेवरून उत्पलाने हात पुढे केला आणि काच गुलाबी झाली. पंडितरावांनी त्या गुलाबीवर बोट ठेवलं. येतो म्हणावं, आत्ता निघतो म्हणावं, चालत येतो म्हणावं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "बघू."

फोन ठेवून त्यांनी पेटी उघडली. वाळ्यात आता त्यांना स्वतःची दोन बोटं घालवेनात. जी रांगत येऊन फोन चाटते तिचा पाय यात जाईल का, हा प्रश्न त्यांनी कापसाखाली दाबून टाकला.

सोनपेठचे पाहुणे आले त्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणे पहिल्या रांगेत बसवले होते. पंडितरावांनी दुपारी दोनपासूनच पाणी बंद केलं होतं, तरी पाचव्याच पानाला कळ आली. उलट नेहमीपेक्षा जोरात आली. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं आणि उजव्या दाराने बाहेर पडले.

बाहेर त्यांच्या भिंतीला चिकटून पाहुण्यांची जीप उभी होती. आत ड्रायव्हर पाय पसरून, सताड उघड्या डोळ्यांनी फोन बघत होता.

"ध्यान संपलं का?" त्याने विचारलं.

"चालू हाय," पंडितराव म्हणाले आणि माघारी वळले. एक मिनिट गेलं होतं. राहिली ती डावी बाजू. तिकडे समितीची दोन संडासं होती. एकात झेंडे आणि ढोल ठेवलेले, म्हणून कुलूप. दुसरं उघडं असायचं, पण तिकडे जायला विहाराला पूर्ण वळसा. पंडितराव जवळजवळ धावत कोपऱ्यावरून वळले आणि थबकले.

रांग लागली होती. अकरा जण. सगळ्यांत शेवटी, पदर खोचून, सरजाबाई.

चाळीस वर्षांच्या संसारात नवराबायकोने एकमेकांकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"सरजा? तू हितं कामून?"

"तुमी कामून?"

"मी... कुत्रं बघायला."

"मंग मी मांजर," सरजाबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. हसू फुटताच त्यांनी पटकन पाय आवळून घेतले. "आवं, हसवू नका ना. हसलं की तेच हुतंय. शिंकलं तरी हुतंय. माधवी झाल्यापून हाय."

"माधवी तीस वर्षांची हाय!"

"मंग मी काय सांगू, तुमाला घरात पाणी नगं झालं तवा मला वाटलं माझंच कळलं काय की."

"हळू बोला," पुढून कडूबाई म्हणाल्या. "आत लोक ध्यान करायलेत."

"कडूबाई, तुमी?"

"मंग सात मिनिटं कशाला मागितली मी? एक दार आन् एवढी माणसं. पाचात नंबर लागत न्हाई."

रांगेतून नागसेन बाहेर आला. पंधरा वर्षांचा खांब सोडून तो सरळ पंडितरावांसमोर उभा राहिला. नियम होता आणि वाचक उठलेला होता. नागसेनाने आपला नंबर दाखवला.

"जा. तू आधी जा. तुझं तोंड बघवना मला."

पंडितराव गेले. परत आले तेव्हा त्यांना दुसरं एक आठवलं.

"नागसेन, तवा तू तंबाखूला..."

"कुठली तंबाखू, पंडित! मी आयुष्यात खाल्ली न्हाई." नागसेन जमिनीकडे बघत म्हणाला. "पन तंबाखूला उठला मनलेलं बरं वाटलं लेका. त्यात इज्जत होती."

पंडितरावांना लाल शाईची ती ओळ डोळ्यांपुढे दिसली, खाली त्यांची वळणदार सही. त्यांनी नागसेनाचा हात धरला.

तेवढ्यात कोपऱ्यावर रोहिणी आली. ती आतच बसली होती. मागून सारखा पायांचा आवाज येतो म्हणून तिने एक डोळा उघडला होता, तर अर्धी सतरंजी मोकळी. तिने रांगेकडे पाहिलं, रांगेने तिच्याकडे पाहिलं. मग तिने खांद्यावरच्या पिशवीत हात घालून शाळेतून उरलेले चाळीस कागद बाहेर काढले.

"आमच्यात न्हाई बाई कुणाला तसलं," रोहिणी म्हणाली. "उभे ऱ्हावा सगळे. आता सोडत न्हाई मी कुणाला."

आणि तिथेच, संडासाच्या कट्ट्यावर उभी राहून, तिने सोमवारचा कार्यक्रम घेतला. "पाणी कुणी कुणी बंद केलंय? हात वर करा. काका, तुमी दोन्ही हात कामून वर केले? पाणी तोडलं की लघवी घट्ट हुती, आग हुती, घाई आनखीन वाढती. पेत जावा, निजायच्या आधी तेवढं कमी. बाप्या मानसाची वयानं लघवीच्या पिशवीखालची गाठ वाढती, त्याला गोळ्या हायती. साखर तपासून घ्या. बायांचं बाळंतपणानं खालचं अंग सैल पडतं, त्याला व्यायाम हाय. आडवून धरल्यावाणी आवळायचं, पाच मोजायचं, सोडायचं. रोज तीनदा. कुठंबी उभ्या उभ्या करता येतो, कुणाला दिसतबी न्हाई."

रांगेतले चेहरे एकदम गंभीर झाले. पाच मोजून झाल्यावर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"वय झालं की व्हायचंच, असं मनून गप बसू नका. दवाखान्यात सांगा. डॉक्टर हसत न्हाईत."

प्रश्न निघाले. आधी शेजाऱ्याच्या नावाने निघाले, मग स्वतःच्या. कडूबाईंनी तर नवरा हयात असतानाचं काढलं. बोलता बोलता सुगतची आठवण झाली, सुगतवरून पाहुण्यांची, आणि पंडितराव ओरडले, "अरे, ते आत बसलेत!"

मी सांगितल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं होतं. पाहुणे शिस्तीचे होते. पंडितराव आत शिरले तेव्हा पाचही जण ताठ बसले होते. एकाच्या नाकावर माशी होती, तीही स्थिर. मागोमाग रांगही पावलं न वाजवता येऊन बसली. पंडितराव जागेवर बसले, धाप गिळली आणि म्हणाले, "हळूहळू डोळे उघडा."

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि हात जोडले.

"पंचवीस मिनिटं! आमच्याकडं कुणी दहा बसत न्हाई. आन् तुमच्या गावचे लोक बघा, चेहऱ्यावर काय समाधान हाय एकेकाच्या!"

पंडितरावांनी मागच्या रांगांकडे पाहिलं. समाधान होतं खरं.

त्याच आठवड्यात ठरावाच्या वहीत नवी ओळ आली, निळ्या शाईने: वाचकास गरज पडल्यास त्याने उठावे, तोवर दुसऱ्याने वाचावे. दुसरा म्हणून नागसेनाचं नाव घातलं. कुलूपबंद संडासातले झेंडे आणि ढोल सुगतच्या घरी गेले. पंडितराव आणि सरजाबाई परभणीला दवाखान्यात जाऊन आले. पंडितरावांना गाठीच्या गोळ्या मिळाल्या, सरजाबाईंना व्यायामाचा कागद. सगळं लगेच थांबलं असं नाही. पण तीन मिनिटांची महिन्याभरात बारा झाली, आणि बारा मिनिटांत माणूस विचार करू शकतो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी पंडितराव, सरजाबाई आणि नागसेन सोनपेठच्या एसटीत बसले. पंडितरावांनी चालकाला आधीच सांगून ठेवलं होतं. पाथरीला गाडी थांबली तेव्हा ते सगळ्यांसमोर उठले आणि मोठ्याने म्हणाले, "मला जाऊन यायचंय." त्यांच्या मागोमाग अर्धी एसटी उतरली.

माधवीच्या दारात त्यांनी चपला काढल्या न काढल्या तोच तिने पोरगी त्यांच्याकडे दिली. ती काचेतल्यापेक्षा जड होती. तिला वास होता. फोनमध्ये वास येत नाही, हे पंडितरावांना तेव्हा कळलं. त्यांनी कापसातून वाळे काढले. पाय काही केल्या आत जाईना. उत्पलाने वाळा हिसकून घेतला आणि चावायला सुरुवात केली.

समोर सोनपेठची समिती हार घेऊन बसली होती. पंडितराव पांढऱ्या शुभ्र पायजम्यात मांडी घालून बसले, मांडीवर नात. दीडशे गावकरी उद्या येणार, ध्यान कसं घ्यायचं, असं अध्यक्षांचं बोलणं चालू असतानाच पंडितरावांना मांडीवर ऊब जाणवली. ऊब पसरत गेली. गुडघ्यापर्यंत आली.

"अगं बाई!" माधवी धावली. "बाबा, द्या इकडं, तुमचा पायजमा..."

सगळे हसायला लागले. अध्यक्ष हसले, नागसेन हसला, सरजाबाई तर बिनघोर हसल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

"ऱ्हाऊ दे," पंडितराव म्हणाले. त्यांनी पोरीला जवळ ओढून घेतलं आणि डोळे मिटले. "पाच मिनिटं कुणी बोलू नका."

या वेळी ते जागचे हलले नाहीत.